रेघबाईंचं तळं

"आभार मानावेत तर असे, की माणूस जन्मभर विसरणार नाही!" चष्मेवाल्याने बायकोला ठणकावून सांगितलं आणि कॉम्प्युटरसमोर बैठक मारली.

इंटरनेटवर शहराचा मोफत नकाशा तयार होत होता. हौशी मंडळी फावल्या वेळात त्यात गल्ल्या, झाडं, बाक भरत. चष्मेवाला त्यांचा प्रमुख. पण अर्धं शहर रेखाटलं होतं ते एकट्या रेघबाईंनी. खोटी रेघ दिसली की बाईंनी ती खोडलीच म्हणून समजा! त्याच बाईंनी परवा गटात लिहिलं होतं, "आता थांबते. कुणाला काय फरक पडतो?" बाई गेल्या तर नकाशा पोरका होणार होता.

म्हणून चष्मेवाल्याने आपल्या चष्म्यांच्या दुकानामागच्या मोकळ्या जागेवर, नकाशात, एक निळंशार तळं काढलं. नाव दिलं 'रेघबाईंचं तळं'. बाईंनी एकदा पाहिलं की गुपचूप पुसायचं, असा बेत. पण काढता काढता तो स्वतःच त्यात हरवला. काठावरचं गवत हललं, पाण्यात ढग उतरले, एक बदक त्याच्याकडे बघत संथपणे निघून गेलं. भर दुपारी तो खुर्चीतच घोरायला लागला.

मंडळी मात्र जागी होती! एकाने तळ्याला पायवाट जोडली, दुसऱ्याने नावा सोडल्या, त्यांच्यातल्याच एका सुताराने बाक टाकला. कुणीतरी 'पोहण्यास उत्तम' असंही लिहून मोकळं झालं.

संध्याकाळी मागचं दार वाजलं. खांद्यावर टॉवेल टाकून अख्खं कुटुंब उभं!

"तळं कुठंय हो?"

"ते... नाहीये."

"आटलं?"

"नाही हो! काढलंय, पण खणलेलं नाही!"

मागोमाग गळ घेऊन एक आजोबा आले. मग सुतार, चक्क बाक उचलून. "मी नकाशात दाखवलाय ना! खोटा पडायला नको." आणि त्याच्यामागे खुद्द रेघबाई.

बाई बाकावर टेकल्या. समोर धूळ आणि एक फुटकी बादली. चष्मेवाल्याने कान पकडले. "आभार मानायचे होते हो, बाई. तुम्ही जाऊ नये म्हणून..."

बाई बराच वेळ त्या धुळीकडे बघत राहिल्या. तिथे त्यांना पाणी दिसत असावं. "माझ्या नावाचं तळं!" त्या हळूच म्हणाल्या आणि त्यांचे डोळे भरून आले. मग मोबाइल काढून त्यांनी बोट फिरवलं. तळं गेलं, नावा गेल्या. बाक तेवढा राहिला.

"म्हणजे... जाणार तुम्ही?" चष्मेवाल्याने विचारलं.

"जाते कसली!" बाई करवादल्या. "तुम्ही प्रमुख असताना नकाशावर लक्ष ठेवायला कुणीतरी नको?"