पाच आवाज आणि एक झाकलेली ताटली

कसोंडेचं ठरत आलेलं लग्न ट्रकने मारलेल्या पिचकारीमुळे फिसकटलं. पण ते सोडा! फिसकटलंबिसकटलं काही नाही, असं धरून आपण शनिवारी दुपारी तीनपासून सुरुवात करू.

तीन वाजता कसोंडे जगज्जेता होता. सिमेंट उतरवून रिकामा झालेला ट्रक त्याने म्पिका गावात, होणारी बायको मापालो हिच्या घरामागे, बैठकीच्या खिडकीला खेटून लावला आणि मध्यस्थ चिसंगाकाकांना ऐकवलं, "काका, रोज सकाळी ट्रकखाली लोळून तार ओढणं बंद! नवा व्हॉल्व्ह बसवलाय. ब्रेकच्या हवेतलं पाणी टाकीत साचतं ना? टाकीत हवा भरली, कॉम्प्रेसर थांबला, की हा आपोआप उघडतो, पाणी थुंकतो आणि तोंड मिटतो!"

"आज तूही मीट," काका म्हणाले. काकांना ट्रकमधला फक्त हॉर्न कळायचा. "नवरामुलगा बोलला की बोलणी संपली. काहीही होवो, तोंड उघडायचं ते मी!"

"बरं. इंजिन चालूच ठेवतो. स्टार्टर मेलाय. बंद पडलं तर ढकलायला बारा माणसं लागतील."

आत कसोंडे खिडकीला पाठ लावून चटईवर बसला. समोर मापालोचे वडील, निवृत्त मुख्याध्यापक. तीस वर्षं त्यांनी पोरांना नुसत्या भुवईने गप्प केलं होतं. शेजारी तिची एलिनाआत्या. मधे कसोंडेने मागणीसाठी आणलेली झाकलेली ताटली. आत्याने झाकण उचललं की होकार! पडद्याआड मापालोची सावली हलली. आत्याने हात पुढे केला.

फुस्स!

हवेच्या नळीला बारीकशी गळती होती. त्यामुळे टाकी दर चार मिनिटांनी पुन्हा भरायची आणि व्हॉल्व्ह आपलं कर्तव्य बजावायचा. हे कसोंडेला ठाऊक होतं. बाकीच्यांना एवढंच ठाऊक होतं, की आवाज जावयाच्या मागून, जरा खालच्या बाजूने आला.

आत्याचा हात थांबला. कसोंडेने काकांकडे केविलवाणं पाहिलं.

"लांबचा प्रवास," काका गंभीरपणे म्हणाले. "वाटेत बीन्स खाल्ले."

आत्या उठली आणि कसल्याशा मुळीचा काढा घेऊन आली. कारल्याने लाजून गोड व्हावं, असा! कसोंडे तो निमूट प्यायला. हात पुन्हा झाकणाकडे गेला.

फुस्स!

"हे आनुवंशिक आहे का?" मुख्याध्यापकांनी विचारलं.

"वडिलांकडून आलंय," काका म्हणाले. "पण ते दीर्घायुषी होते!"

दुसरा पेला आला. मग तिसरा फुस्स झाला, आणि पडद्याआड मापालो खुदकन हसली. कसोंडेचा बांध फुटला. "मी नाही! माझा व्हॉल्व्ह!"

"बोलला!" आत्या किंचाळली.

"आणि त्याला नावही ठेवलंय," मुख्याध्यापक म्हणाले.

"ट्रकचा हो! बाहेर चला, दाखवतो!"

सगळं घर ट्रकभोवती उकिडवं बसलं. कसोंडेने टाकीखालचा व्हॉल्व्ह दाखवला. "आता ऐका हं!"

"थांब," काका मायेने म्हणाले. "या घरघरीत कसं ऐकू येणार?" आणि त्यांनी केबिनमध्ये चढून इंजिन बंद केलं.

गडद शांतता पसरली. कॉम्प्रेसर मेला, टाकी भरेना, व्हॉल्व्ह साधूसारखा बसला. चार मिनिटं गेली. पाच गेली. आणि त्या शांततेत दोन पेले काढ्याने आपलं काम केलं.

तो चौथा आवाज कुणाचा, यावर दुमत झालं नाही.

पुढे बारा माणसांनी ट्रक उतारापर्यंत ढकलला. ढकलणाऱ्यांत सासरा होता, आत्या होती, लाल डोळ्यांची मापालोही होती. इंजिन धडधडलं, टाकी भरली, आणि फुस्स!

"पाहिलंत?" कसोंडे केबिनमधून ओरडला.

"अजून?" आत्या म्हणाली.

मुख्याध्यापकांनी झाकलेली ताटली खिडकीतून त्याच्या हातात दिली. "मी शिक्षक माणूस. लेखी पुरावा आण, मग या ताटलीला पुन्हा घरात जागा."

म्हणून सोमवारी व्हॉल्व्ह बनवणाऱ्या कंपनीकडे अर्ज गेला:

"सविनय विनंती की, शनिवारी दुपारी तीन ते चार या वेळेत म्पिका येथे झालेल्या एकूण पाच आवाजांपैकी चार आपल्या उत्पादनाचे असल्याचा दाखला सही-शिक्क्यानिशी मिळावा. अनुक्रमांक चारची जबाबदारीही आपण मोठ्या मनाने स्वीकारल्यास अर्जदार, व त्याची होऊ घातलेली पत्नी, आजन्म ऋणी राहतील."