परत म्हणून घेतला

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. आमच्या गावची सहकारी टेलिफोन मंडळी मोबाईलचे टॉवर आले म्हणून बंद पडली, असं सगळे सांगतात. टॉवर नंतर आले. त्याच्या आधीच तिच्यावरचा लोकांचा विश्वास उडाला होता, आणि तो माझ्या एका वाक्याने उडाला. खापर फुटलं मंडळीचे ऑपरेटर नाना घाडी यांच्या डोक्यावर. म्हणून आधी नाना.

नाना मुलुंडला भाचीकडे राहतात. वय ऐंशीच्या पुढे. लग्न केलं नाही. मोबाईल वाजला की आधी शर्टाचं वरचं बटण लावतात, मग उभे राहतात, मग फोन उचलतात. तोवर तो बहुतेक वेळा थांबलेला असतो. भाची, सुलभा, वैतागते. "मामा, बसल्या बसल्या उचला ना! कोण बघतंय?"

"बसान घेतललो निरोप वाकडो पोचता," नाना म्हणतात.

परवा माझ्यासमोरच कर्ज विकणाऱ्या एका मुलीचा फोन आला. नानांनी वही उघडली, पेन्सिल घेतली, तिचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "परत सांगतो, ऐका. पर्सनल लोन, कागदपत्रं नकोत, ऑफर आजच्यापुरती. बरोबर? निरोप कोणासाठी?"

"सर, तुमच्यासाठीच."

"छे छे. मी ऑपरेटर. ऑपरेटरला फोन येत नसतो. सभासदाचं नाव सांगा."

तिने फोन ठेवला. नानांनी वहीत लिहिलं: 'सभासद सापडला नाही.'

सिंधुदुर्गातलं आमचं गाव सात वाड्यांचं. सगळ्यांनी मिळून सहकारी मंडळी काढली आणि देवळाशेजारच्या खोलीत एक फोन आणला. खांब कमी पडले तेव्हा तार एका फणसाला बांधली. मग त्या झाडाचे फणस मालकाचे की मंडळीचे, यावर दोन वार्षिक सभा झाल्या. तिसऱ्या सभेला फणस कापून खाल्ला आणि विषय संपला. खोलीबाहेर रुळाचा तुकडा टांगलेला होता. फोन आला की नाना त्यावर टोल मारायचे, पहिल्या वाडीला एक, सातव्या वाडीला सात. सातव्या वाडीतल्या माणसांना टोल मोजत पळायची अशी सवय लागली होती, की आठवा पडला तर ती थेट देवळात जाऊन थांबतील असं लोक म्हणत. मुलुंडला अजून चहा हवा असला की नाना पेल्यावर चमच्याने तीन टोल मारतात. सुलभा तिसऱ्या वाडीची.

टोल ऐकून कोणी आलं नाही तर निरोप वहीत लिहून घरपोच. नियम दोन. निरोप घेणाऱ्याकडून तो परत म्हणून घ्यायचा, आणि ऑपरेटरने स्वतःचा शब्द घालायचा नाही. एकदा मुंबईहून एका जावयाने रागाच्या भरात निरोप दिला, "सासूबाईंना सांगा, जीभ आवरा." नानांनी भर दुपारी सासूबाईंच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, उभं राहून तो सांगितला आणि म्हणाले, "आता तुमी म्हणा." त्यांनी म्हटला. वर स्वतःच्या चार ओळी घातल्या. त्याही नानांनी लिहून घेतल्या आणि मुंबईला कळवल्या.

आता माझं.

माझी आई 'सीरियस' व्हायची. घाटकोपरला आमच्या शेजारी शहाबेनकडे फोन होता, तिथे नानांचा निरोप यायचा: "आई सीरियस, ताबडतोब ये." मी रजा टाकून धावायचो. आई खळ्यात कोकमं वाळत घालत बसलेली. "इलंस? बरां झाला. फणस पिकललो, वाया गेलो असतो." असं तीनदा झालं.

चौथा फोन एका रविवारी सकाळी आला. त्या दिवशी मला चेंबूरला मुलगी बघायला जायचं होतं. नवी पँट घातलेली होती. शहाबेननी हाक मारली, मी रिसीव्हर घेतला. नाना म्हणाले, "दादाचा निरोप. आई सीरियस, तालुक्याच्या दवाखान्यात नेतोय, आज निघ. परत म्हण."

मी म्हटलं, "आई सीरियस, दवाखान्यात नेतायत, आज निघ."

नाना लगेच फोन ठेवायचे. त्या दिवशी ठेवला नाही. "बाबू," म्हणाले, "ह्या खेपेक खरा आसा. ह्या माझा वाक्य, निरोपात धरू नको."

मी ते निरोपात धरलं नाही. चेंबूरला गेलो. उद्या निघू म्हटलं. आई त्याच संध्याकाळी गेली.

सोमवारी सकाळी थोरल्या भावाने, दादाने, तालुक्याहून फोन केला. "आई गेली. काल का नाय इलंस?" आणि माझ्या तोंडून निघालं, "काल? मला कसलाच फोन आला नाही."

ठरवून बोललो नाही. पण बोललो, आणि पुढे बदललंही नाही.

मी गावी पोचलो तेव्हा ओटीवर माणसं जमली होती. नाना वही काखेत घेऊन खळ्यात उभे होते. दादा ओरडत होता, "नानानू, निरोप दिलो होतो ना मी? जीपीतून उतरान दिलो! खय गेलो तो? वही दाखवा!"

नानांनी माझ्याकडे एकदा बघितलं. मी पायरीकडे बघत राहिलो.

"लाईन बंद होती," नाना म्हणाले. "चूक माझी."

वही त्यांनी उघडली नाही. पुढच्या सभेत त्यांना काढलं. नवा ऑपरेटर बसून फोन घ्यायचा, परत म्हणून घ्यायचा नाही. निरोप उलटसुलट पोचायला लागले. लोक म्हणू लागले, ज्या फोनने आईचं मरण पोचवलं नाही, तो कशाला हवा? वर्गणीदार गळत गेले. शेवटी त्या खोलीत देवळाची भांडी ठेवली.

चेंबूरच्या मुलीशी माझं लग्न झालं. तिला वाटतं मी रविवारी मुलुंडला समाजकार्याला जातो. जातो ते नाना मंडळीचा इतिहास लिहितायत म्हणून. मी अंधेरीच्या ऑफिसात मराठी टायपिंग करतो, त्यामुळे ते सांगतात आणि मी टाइप करतो. गावाचं मुंबई मंडळ तो छापणार आहे. फणसाचं प्रकरण अकरा पानं झालंय.

गेल्या रविवारी शेवटच्या प्रकरणाशी आलो. नाना सांगत होते, "त्या दिवशी लाईन बंद होती. दोष सर्वस्वी ऑपरेटरचा."

माझे हात थांबले. एवढ्या वर्षांनी म्हटलं, "नाना, लाईन चालू होती."

त्यांनी शर्टाचं वरचं बटण लावलं. "माका माहीत आसा. मीच बोललंय मां."

"मग तेव्हा का नाही सांगितलंत?"

"तुझी आवस गेलेली रे. त्याच दिवशी भाऊस पण घालवूचो होतो?"

मग कपाटातून जुनी वही काढून माझ्यापुढे ठेवली. पेन्सिलीची अक्षरं पुसट झालीत, पण लागतात. 'निरोप: आई सीरियस, दवाखान्यात, आज निघ. घेणार: बाबू. परत म्हणून घेतला.' त्याखाली आणखी एक ओळ होती. 'ऑपरेटरने स्वतःचे एक वाक्य घातले. नियमभंग.'

"नाना, चूक माझी होती," मी म्हटलं. माझ्याकडून ते परत म्हणून घेतील असं वाटलं. मी तयारही होतो.

"पोचला," ते म्हणाले. "परत म्हणू नको." आणि पेल्यावर तीन टोल मारले. सुलभा चहा घेऊन आली.

इतिहासात 'लाईन बंद होती' हेच वाक्य आहे. नाना म्हणतात, तसंच राहू दे. मंडळ फाइल मागतंय. दादा गावी असतो. फोन त्याच्या खिशात असतो, दुसऱ्या रिंगला उचलतो.

त्याला मी एक निरोप देणं लागतो: फोन आला होता, मी घेतला होता, नानांनी तो माझ्याकडून परत म्हणून घेतला होता. अजून दिलेला नाही.