शाई वल्ली हाय

माझ्या लग्नात वांग्याची भाजी निळी झाली होती. मुलीकडची मंडळी खानदानी, त्यामुळे सगळ्यांनी ती मुकाट खाल्ली. फक्त आमचे सासरे आजही वांगं ताटात आलं की आधी उजेडाकडे धरून बघतात.

ही कर्तबगारी तात्यांची. तात्या म्हणजे माझे धाकटे चुलते. इकडे मंगलाष्टकं चालू होती आणि तिकडे मांडवामागं उकिडवे बसून ते आचाऱ्याच्या सुऱ्यांना शाई फासत होते.

तरुणपणी तात्या माजलगावकडच्या एका सहकारी साखर कारखान्यात वर्कशॉपचे हेल्पर होते. उसाचे तुकडे करणाऱ्या पात्यांना धार लावण्याआधी तिथला फिटर निळा रंग लावायचा. मग दोन-चार हात दगड फिरवायचा. दगड लागला तिथला रंग जातो, लागला नाही तिथला राहतो. म्हणजे कुठं घासायचं ते पातंच सांगतं. एवढीच गोष्ट. पण तात्यांना तो साक्षात्कार वाटला. पुढं दुष्काळ पडला, ऊसच उरला नाही, कारखान्याचं धुराडं थंडावलं आणि तात्या एक दगड नि हे ज्ञान घेऊन आमच्या गावी, चकलांब्याला, परत आले.

"माणूस खोटं बोलंल," ते सांगायचे, "शाई बोलत न्हाई."

घरातली विळी निळी, कुऱ्हाड निळी. अडकित्ता निळा झाल्यापासून काकूंची जीभही निळी. मी एकदा भाबडेपणानं माझा वस्तरा त्यांच्याकडे दिला आणि पंधरा ऑगस्टला निळा गाल घेऊन झेंड्यासमोर उभा राहिलो. प्रमुख पाहुण्यांनी हळूच विचारलं, "कुणी मारलं का हो?" मी म्हणालो, "चुलत्यांनी." ते उगाच हळहळले.

घाई केलेली तात्यांना खपत नसे. "शाई वल्ली हाय," म्हणायचे आणि पातं वाळायला उन्हात धरून बसायचे. "वल्ल्या शाईवर दगड फिरिवणं म्हंजी कच्ची भाकर पाव्हण्याला वाढणं."

ही शाई पुरवायचा मी. शाळेत कारकून असल्यामुळे शिक्क्याच्या शाईची बाटली माझ्या ताब्यात असायची. हेडमास्तर दाखला डोळ्यांजवळ नेऊन विचारायचे, "शिक्का मारलाय, का नुसता मनात आणलाय?" मी म्हणायचो, "चौकशी करतो, सर." उभी नोकरी मी चौकशीच करत आलो.

दगडाला पाणीही लागतं. टँकर आठवड्यातून दोनदा यायचा आणि काकू हंड्याला पाठ लावून बसायच्या.

"माणसाला प्यायला न्हाई, अन् दगडाला पाजता?"

"पातं तापतंय, बाई."

"मी तापले त्याचं काय?"

"तुझी धार बिनशाईची हाय," तात्या म्हणायचे आणि वाटीभर पाणी घेऊन सटकायचे.

त्यातच ते दुष्काळाचं साल आलं. तात्यांची एकुलती एक लेक मंगल शेजारच्याच गावात दिलेली. तिच्या सासरची विहीर तळाला गेली, तेव्हा तिनं आणि जावयानं ऊसतोडीला जायचं ठरवलं. आमच्याकडे तोडणीला जाणाऱ्या नवराबायकोच्या जोडीला 'एक कोयता' म्हणतात. आमच्या गावच्या मुकादमाच्या टोळीत मंगल आणि जावई आता एक कोयता झाले होते. सहा महिने परमुलखात, उसाच्या पाचटाच्या खोपीत राहायचं. तात्या यावर एवढंच म्हणाले, "टोळीचे समदे कोयते माझ्याकडं आणा."

निघायच्या दिवशी सकाळी ट्रक पारापाशी उभा. भांडीकुंडी, शेळ्या, कोंबड्या, माणसं, सगळं चढलं. एकोणीस कोयते धार लावून गेले. विसावा मंगलचा. तो काही तात्यांच्या हातातून सुटेना. ड्रायव्हरनं हॉर्नवर हात ठेवला तो काढलाच नाही.

मुकादम माझ्यावर खेकसला, "ओ कारकून! तुमचा चुलता कोयत्याला धार लावतोय का त्याचं बारसं करतोय? बघा जरा!"

मी तरातरा गेलो. तात्या ओट्यावर बसले होते. त्यांनी पात्याला शाई लावली, वाळवली, दगडानं घासून काढली, पातं लखलखीत झालं. आणि त्यांनी परत शाई लावली.

"तात्या, लागलीय की धार."

"लागलीय."

"मग?"

"शाई वल्ली हाय."

मी तसाच उभा राहिलो. त्यांनी ती शाईही घासून काढली आणि परत चिंधी बाटलीत घातली. बाटली मीच आणून दिलेली, त्यामुळे माझी नजर आधी तिच्यावर गेली. ती रिकामी होती. तात्या कोरडी चिंधी कोरड्या पात्यावरून फिरवत होते, अगदी टोकापासून मुठीपर्यंत, एकही जागा सुटू न देता.

तेवढ्यात डोक्याला फडकं बांधलेली मंगल आली. मला वाटलं, आता ही कोयता हिसकावणार. तिनं बाटलीकडे बघितलं, पात्याकडे बघितलं आणि बापाच्या शेजारी फतकल मारून बसली. आरशासारख्या पात्यावर बोट ठेवून म्हणाली, "बाबा, हितं जराशी ऱ्हायलीय बघा."

तात्यांनी वाकून बघितलं. "व्हय की," म्हणाले आणि दगडावर पाण्याचे चार थेंब टाकले. आत काकूंनी हंड्यावरचं झाकण काढून वाटी भरली आणि त्यांच्यापुढं आणून ठेवली.

पारावरून मुकादमाची आरोळी आली, "काय झालं का न्हाई, ओ कारकून?"

आयुष्यात पहिल्यांदाच मी चौकशी करतो म्हणालो नाही. छाती भरून ओरडलो,

"थांबा! शाई वल्ली हाय!"