मुरकर सरांचे ढालकिडे

मुरकर सर कोणाच्याही घरी गेले की आधी कुंडीपाशी जात. यजमान दारात "या, बसा" म्हणत उभा, आणि हे वाकून त्याच्या मनी प्लांटचं पान उलटं करून भिंगातून बघताहेत. "खालची बाजू बघावी," म्हणत. "वरून सगळीच पानं सभ्य असतात."

एकदा ते सिल्वासाजवळच्या सायली गावातल्या आमच्या कारखान्यात मला भेटायला आले. रिसेप्शनमधल्या झाडाची सात-आठ पानं उलटून पाहिली आणि काळजीने म्हणाले, "चौधरी, या झाडाचं काहीतरी बिनसलंय. एकही कीड नाही."

झाड प्लास्टिकचं होतं.

मी त्या कारखान्यात स्टोअर सांभाळायचो. जळगावकडचा माणूस, पोटासाठी सिल्वासाला आलो. सर वेंगुर्ल्याकडचे, इथल्या शाळेत जीवशास्त्र शिकवून निवृत्त झालेले, एकटे. आमच्या रो-हाऊसची भिंत एक आणि संध्याकाळचा सहाचा चहा एक, त्यांच्या अंगणात. आता माझं वय चौऱ्याहत्तर. सरांबद्दल गावात एक गोष्ट बोलली जाते. ती खोटी आहे, हे फक्त मला माहीत आहे असं मला परवापर्यंत वाटत होतं.

सर कीड पाळत. जास्वंदीवर मावा पडला की लोक औषध आणतात; सर खूश होत. मावा आला की त्याला खाणारे ढालकिडे येतात, लाल पाठीवर काळे ठिपके असलेले, मुगाच्या दाण्याएवढे. चहाआधी ते मोजायचे आणि वहीत लिहायचे. "आज सव्वीस! काल एकवीस होते. पाहुणे आलेले दिसतात."

या वेडाला कारण होती खानवेलची रमिलाबेन. ती नर्सरीत मजुरीला जाई. एकदा रोपं द्यायला आली तेव्हा सरांनी सवयीने पान उलटलं आणि त्यांना तिचा तळहात दिसला. साल निघालेली.

"हे काय गं?"

"दवा मारते ने, सर. चालते." ती हसली. "शेठ बोलतो, शोभेचं झाड हाय, कोण खाणार हाय? मार जास्त! पानावर डाग दिसला तर गिऱ्हाईक घेत नाय."

त्या दिवसापासून सर सरकारी अनुदानाच्या मागे लागले. शोभेची झाडं विषाशिवाय वाढवण्याचं संशोधन, आणि नर्सरीतल्या बायकांसाठी वर्ग. एक शेडनेट, एक सूक्ष्मदर्शक, खानवेलहून यायचं बसभाडं, एवढीच मागणी. अर्ज टाइप मी केला. पहिल्या ओळीत त्यांनी लिहायला लावलं होतं, "या अंगणात विषाचा एक थेंब पडलेला नाही." वर्षभराने पत्र आलं की समिती पाहणीला येणार.

माझी झोप उडाली. सर निवांत होते, मीच नव्हतो. स्टोअरच्या माणसाला तपासणी म्हणजे काय ते माहीत असतं. साहेब यायच्या आधी पुसून, झटकून, रांगेत लावून ठेवायचं. आणि इथे जास्वंद माव्याने काळी-चिकट झालेली, पानांना भोकं. पाहुण्यांना असलं अंगण दाखवायचं?

आदल्या दिवशी दुपारी सर बायकांना बोलवायला खानवेलला गेले. मी किलवणी रोडच्या दुकानातून औषधाची बाटली आणली, पंप आणला आणि सगळी झाडं धुऊन काढली. वास जावा म्हणून दोन उदबत्त्या लावल्या. सर परतले. "काय चौधरी, जास्वंदीची पूजा?" असं म्हणून हसले आणि आत गेले. दमले होते. त्या दिवशी ते मोजायला आले नाहीत, असं मला वाटलं.

सकाळी समिती आली. रमिलाबेन आणि आणखी चार बायका भिंतीशी उभ्या होत्या. सरांनी भिंग पुढे केलं आणि पान उलटलं. काही नाही. दुसरं उलटलं. तिसरं. चौथ्याला त्यांचा हात सावकाश झाला. सरांनी एकदा जमिनीकडे पाहिलं आणि समितीतल्या बाईंना म्हणाले, "आज रजेवर आहेत."

बाई हसल्या. पण जाताना त्यांनी पानं तोडून पिशवीत घातली.

पानांत कीटकनाशक सापडलं. खुलासा मागवला गेला आणि रोजची नोंदवही मागवली गेली. सरांनी कळवलं, वही हरवली. मी म्हणालो, "सर, शोधू या की!" ते म्हणाले, "हरवली म्हणजे हरवली." अर्ज फेटाळला, चुकीची माहिती दिल्याचा शेरा बसला, काही वर्षं पुन्हा अर्ज करायला बंदी झाली. गावात म्हणू लागले, मास्तर चोरून औषध मारतो. रमिलाबेन नर्सरीत फवारत राहिली. आणि मी रोज सहाला चहा पीत राहिलो.

यंदा बंदी संपली. सरांचे डोळे आता अधू झालेत, त्यामुळे अर्जाचं सगळं माझ्याकडे. परवा मुदतीला दोन दिवस उरले असताना म्हणाले, "पेटीत वह्या आहेत, लागतील त्या घ्या." तळाशी ती हरवलेली वही होती. पाहणीच्या आदल्या दिवसाचं पान मी उभ्याउभ्या वाचलं.

"दुपारी मी नसताना चौधरींनी फवारलं. माव्याची त्यांना काळजी वाटली असणार. ढालकिडे शून्य. बोलू नये, ते घाबरतात." खाली वेगळ्या शाईत, "सहाला आले. नेहमीसारखी साखर जास्त मागितली. बरं वाटलं."

मी वही घेऊन अंगणात गेलो. म्हणालो, "सर, हे पान अर्जाला जोडतोय."

"कुठलं?" मग त्यांना कळलं. "जोडू नका. त्यात तुमचं नाव आहे."

"म्हणून तर. सोबत माझी सही केलेलं निवेदनही जोडतोय."

"चौधरी, तुम्हाला झोप लागणार नाही."

"तशी कुठे लागत होती?"

"रमिलाबेनला कळवा मग," सर म्हणाले. "जुन्या हातमोज्यांची जोडी आहे तीही द्या. निकालाला वेळ लागेल."

काल कागद पोर्टलवर चढवले. निकाल काय येईल ठाऊक नाही. माझ्या सहीने त्यांचं भलं होईल की आणखी एक शेरा बसेल, तेही नाही.

काल संध्याकाळी सहा वाजले. सरांच्या डोळ्यांमुळे हल्ली मोजायचं काम माझ्याकडे आहे. मी जास्वंदीची पानं उलटत गेलो. सर मांडीवर वही घेऊन, पेन धरून बसले होते.

"किती?"

"अकरा."

माझ्या आकड्यावर त्यांनी आजवर एकदाही "नक्की?" विचारलेलं नाही. कालही विचारलं नाही. चाचपडत, मोठ्या अक्षरात त्यांनी अकरा लिहिले आणि कप माझ्याकडे सरकवला. साखर जास्त होती.