मागच्या डाव्या चाकाची मोहीम

थोरांनी पराक्रम करावे आणि लेखकाने ते लिहून ठेवावे, ऐसी रीत चालत आली आहे. परंतु पराक्रम न करिताच कोणी लिहून घेऊ लागल्यास काय करावे, याचा दाखला जुन्या दप्तरी सापडत नाही. सबब या चाकाची हकीकत, जैसी घडली तैसी, कोणाची भीड न धरिता लिहिली असे.

शनिवारी सकाळी नवाचे सुमारास राजमान्य दादासाहेब, तीन खोल्यांचे धनी आणि एका करड्या मोटारीचे मालक, अंगणी उतरले, तो मागचे डावे चाक हवा सोडून जमिनीस टेकलेले. दिवस नेमका त्यांचे कुटुंब वहिनीसाहेब यांचे कसोटीचा. बाराचे ठोक्यास परवाना कचेरीत हीच मोटार चालवून दाखवावयाची होती, आणि आज चुकल्यास पुढली तारीख चार महिन्यांनी. म्हणजे आणखी चार महिने, कोठे जाणे जाहल्यास, दादासाहेबांची मर्जी सांभाळीत उंबऱ्यात उभे राहणे. ऐसे उभे राहून वहिनीसाहेबांची अकरा वर्षे गेली होती आणि आता त्यांस त्याचा वीट आला होता.

दादासाहेबांनी पान्हा मागविला, आणि जॅक मागविला, आणि पलीकडचे गल्लीतून पन्नाशीचे धाकटे बंधू रावसाहेब यांस मदतीस पाचारिले. मग फर्मान सुटले की प्रथम मोटार उचलावी. मोटार उचलली, आणि मग नटास पान्हा लावून जोर केला, तो नट न फिरता चाकच फिरले. मग रावसाहेबांनी चाकास मिठी घातली, आणि मग चाक रावसाहेबांसह फिरले. वहिनीसाहेबांस परीक्षेचे पुस्तक मुखोद्गत होते. त्या दारातून म्हणाल्या, "अहो, गाडी खाली घ्या आधी. चाक जमिनीवर असतानाच नट सैल करायचे असतात." त्यावर हुकूम जाहला की पुस्तकी ज्ञान आत न्यावे आणि चहा बाहेर पाठवावा. पाव तासाने तीच मसलत दादासाहेबांस स्वतःस सुचली आणि मोटार खाली आली.

तरी नट ढळेनात. हे आवळले कोणी, तर खुद्द दादासाहेबांनी, दोन महिन्यांमागे. या घराण्यात हाताने नट आवळणे हा कमीपणा समजतात. वडील पान्ह्यावर उभे राहात, थोरले काका वर उड्या मारीत, आणि दादासाहेबांनी तर रावसाहेबांस खांद्यास धरून जोडीने उड्या मारिल्या होत्या. त्या वजनाखाली चारी नट जागीच रुतून बसले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात, इथे पाय दाखवून जाहले.

मग रावसाहेबांनी गच्चीवरून लोखंडी नळाचा तुकडा आणिला, पान्ह्याचे दांड्यास जोडिला, आणि उभयता बंधू एकदम लटकले. कडाड ऐसा आवाज होऊन रावसाहेब कुंड्यांत पडले आणि दादासाहेबांनी फत्ते झाल्याची ललकारी दिली. नट निघाला खरा, परंतु तो ज्यावर बसतो तो स्टडही मोडून सोबत आला. दुसऱ्या नटास पान्हा एक नंबर मोठा लाविला आणि त्याचे कोपरे झिजवून गोटी केली. तेव्हा दादासाहेब पान्हा टाकून म्हणाले, "हल्ली गाड्याच भिकार बनवतात. तू पुढची तारीख घे."

वहिनीसाहेबांस रडू आले, आणि रडू आल्याचा संताप आला. साडेदहा होत होते. त्यांनी चपला पायांत सरकविल्या आणि कोणास न सांगता कोपऱ्यावरील गॅरेजात जाऊन मिस्त्रींस अंगणी घेऊन आल्या.

गॅरेजचे मिस्त्री साठी उलटलेले, कमरेत वाकलेले, बोलणे तोलूनमापून. चाकाकडे पाहून त्यांनी एकच सवाल केला, "पायानं आवळले का?" बंधूद्वय आभाळाकडे पाहू लागले. मग मिस्त्रींनी गंज सोडविणारे तेल नटांवर मारिले, हातोडीने हलके ठोकिले आणि चक्क खाली बसले. दादासाहेबांनी विचारिले की हे काय चालले आहे. "तेल आत उतरतंय," मिस्त्री म्हणाले, "तुम्ही मधे येऊ नका." दहा मिनिटांनी लांब दांडा लावून एकट्यांनी सावकाश दाबिला, आणि दोन नट कुरकुरत सुटले. गोटी झालेल्यावर लहान मापाचा पान्हा ठोकून बसविला, तोही सुटला. मग मोटार उचलून चाक काढिले, चाकामागील ड्रम काढिला, मोडका स्टड घणाने मागे पाडिला, नवा मागून घालून वायसर व नटाने ओढून घट्ट बसविला, आणि जादा चाक चढविले.

नट लावितेसमयी दादासाहेब पादत्राणे सारखी करून पुढे सरसावले. मिस्त्रींनी पान्हा त्यांस न देता वहिनीसाहेबांचे हाती दिला. वहिनीसाहेबांनी समोरासमोरचे नट आलटून पालटून आवळिले, मोटार खाली घेऊन पुन्हा आवळिले, आणि मिस्त्री "बास" म्हणताच थांबल्या. घराण्यात ऐसे पूर्वी कोणी थांबले नव्हते.

अकरा वाजून पंचवीस मिनिटांनी कूच जाहले. शिकाऊ इसमाशेजारी परवानाधारक असावा ऐसा कायदा, सबब दादासाहेब शेजारी बसले आणि वाटभर उपदेश करीत राहिले, तो वहिनीसाहेबांनी ऐकिला नाही. बारास पाच कमी असता कचेरी गाठिली. वहिनीसाहेबांनी मोटार चढावर थांबविली, मागे घेतली, खांबांमधून काढिली आणि परवाना हस्तगत केला.

दादासाहेब सवयीने किल्लीसाठी हात पुढे करून पायरीवर उभे राहिले. वहिनीसाहेब एकट्याच मोटारीत बसल्या आणि काच उतरवून म्हणाल्या, "मी माझ्या बहिणीकडे जातेय. यायला संध्याकाळ होईल. तुम्ही बसनं जा." आणि मोटार नदीपलीकडचे रस्त्यास वळली.

येणेप्रमाणे मोहीम तडीस गेली. कामी आले नट दोन आणि स्टड एक, जखमी रावसाहेबांचे कोपर. विजय आपले नावे मांडावा ऐसा दादासाहेबांचा आग्रह पडला, परंतु तो वहिनीसाहेबांचे नावे मांडिला असे. दादासाहेब दुपारी तीन वाजता, दोन बसा बदलून, उभ्याने प्रवास करीत स्वगृही दाखल जाहले, आणि घराची किल्ली मोटारीचेच जुडग्यात वहिनीसाहेबांजवळ असल्याकारणे संध्याकाळपर्यंत उंबऱ्यात उभे होते.