हलका नारळ, जड नारळ

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सकाळी लोटन सारंगखेड्याला सासऱ्याच्या ओट्यावर पोचला, तेव्हा त्याच्या पिशवीत दोन नारळ होते. हातपाय धुऊन येतो तर एकच उरलेला!

आता हे नारळ काही खायचे नव्हते हो! त्या गल्लीची चालच होती तशी. आखाजीला आलेल्या जावयांनी नारळ घरंगळवायचे. ज्याचा लांब जाईल त्याने त्याच दिवशी बायकोला घेऊन जायचं; हरणाऱ्याची बायको आणखी महिनाभर माहेरी. लोटनची सरला होळीपासून माहेरी होती. तेव्हापासून हा बाबा हाताने भाकरी थापायचा, अर्ध्या जाळायचा आणि रोज संध्याकाळी नंदुरबार स्टेशनवर जाऊन उतरणारी माणसं बघायचा. सारंगखेड्याला रेल्वे जात नाही, हे त्यालाही ठाऊक होतं. पण घरात करमायचं नाही, त्याला तो तरी काय करणार?

नारळ मात्र त्याने विचार करून निवडले होते. गल्ली कोरडी असली तर हलका, आत खोबरं सुटलेला. ओली असली तर पाण्याने भरलेला जड, कारण हलका नारळ चिखलात रुतून बसतो. येतानाच त्याने टाचेने गल्ली दाबून पाहिली होती. खडखडीत कोरडी!

आणि नेमका हलकाच गायब.

"पाव्हना, कसाले इतला त्रास लिन्हा?" सासू रेवाबाई आतून कौतुकाने म्हणाली. "तुम्हना नारय मी वाटनमा टाकी दिन्हा!"

जावयाने आणलेला नारळ म्हणजे घरचाच. तो परत मागायचा कसा? "बरं करं, मामी," म्हणत लोटन तसाच पलीकडच्या ओट्यावर गेला. तिथे छगन बसला होता, गल्लीतला दुसरा जावई.

"छगनभाऊ, मन्हा जड नारय ली ले, तुन्हा हलका मले दे!"

"ली जा ना भो!" छगनने का ते विचारायचीही तसदी घेतली नाही. बायको भिकुबाई माहेरी आल्यापासून त्याला दुपारची झोप मिळत होती. आणखी एक महिना मिळाला तर देवच पावला!

थोड्या वेळाने सासरे प्रेमचंद यांनी हाक दिली. लोटन बाहेर आला आणि जागीच थबकला. गल्लीभर चिखल! आणि दारात रिकामा हंडा घेऊन सरला उभी.

लोटनने हातातल्या हलक्या नारळाकडे पाहिलं. हिला यायचंच नाही! त्याने कसाबसा नारळ सोडला. तो चार हात गेला आणि चिखलात बसला. छगनने तर हरायचं म्हणून दोन बोटांनीच सोडला. पण तो जड धोंडा चिखल कापत उतारावरून थेट मारुतीच्या पारापर्यंत गेला.

भिकुबाई हसत गाठोडं बांधायला पळाली. छगन मटकन खाली बसला.

मोठ्यांदेखत नवऱ्याशी बोलायची सोय नव्हती. लोटनने सरलाला गोठ्यामागे गाठलं.

"तुले येनंच नव्हतं, ते सांगी देती ना!"

"मले?" सरला उसळलीच. "मायनी हलका फोडी टाका, जड उरना, म्हनीसन धा हंडा पानी टाकं मी! कंबर मोडी गयी मन्ही!"

"जड... छगनले दी टाका मी."

सरला बघतच राहिली. मग हसली, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. लोटनने तिचा हात धरला तोच प्रेमचंदांचा खाकरा ऐकू आला.

"गल्लीनी चाल ती चाल, पाव्हना. पुढला महिनामा या."

दुपारी तापी ओलांडताना दोघे जावई एकाच नावेत होते. भिकुबाईचं तोंड काठापासून सुरू झालं होतं.

"नशीबवान शेस लोटनभाऊ, एकलाच चालना," छगन पुटपुटला.

लोटनचं लक्ष मागच्या काठावर होतं. सरला अजून तिथेच उभी होती, भर उन्हात.

"धा हंडा पानी टाकं तिनी," तो छगनला म्हणाला. मग भिकुबाईला म्हणाला. मग त्याने नावाड्याला हलवलं.

"धा हंडा, भाऊ! मन्हासाठे!"

नावाड्याला काहीच कळलं नाही. म्हणून लोटनने त्याला पुन्हा सांगितलं.