बरणीतली कोळंबी

सत्यवान मुंबईच्या एका प्रयोगशाळेत हंगामी नोकरीला होता. त्याचे साहेब नमुने बघायला त्याच्या मामाच्या गावी, आचऱ्याला, यायचे होते. नमुने त्यांना पसंत पडले, तर तो कायम होणार होता. नमुने म्हणजे कोळंबीची नखाएवढी पिल्लं. ती नव्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली बघायची, तर पूर्ण सुकायला हवीत आणि अंगावरचा केसही मोडता कामा नये. म्हणून ती आधी सौम्य, मग कडक स्पिरिटमध्ये ठेवून त्यांच्यातलं पाणी हळूहळू काढायचं. शेवटची बरणी मामाच्या हवाली करून सत्यवान साहेबांना आणायला मालवणला गेला.

“मामा, नुसता लक्ष ठेव. नीट सुकूक व्हयी,” एवढंच तो म्हणाला.

मामा म्हणजे भिकाजी. बायको नर्मदा गेल्यापासून घरात एकटाच. दुपारी हवालदार घराकडे येताना दिसला आणि भिकाजीला घाम फुटला. दारूबंदीचे दिवस आणि घरभर स्पिरिटचा वास. भाच्याची नोकरी जाईल ती जाईल, वर बेडी पडेल. त्याने पिल्लं गाळून घेतली आणि स्पिरिट माडाच्या मुळात ओतलं. पण आता ती कुजली तर? मासळी सुकवणं मात्र त्याने जन्मभर पाहिलं होतं. नर्मदा लावायची तसं त्याने मीठ लावलं आणि पिल्लं चटईवर उन्हात पसरली.

हवालदार पडवीत टेकला. “भिकाजीनू, स्पिरिटचो परवानो सत्यवानान माका कालच दाखवल्यान. मांजर बरणी सांडीत, म्हणून बघून जा असा सांगल्यान. खंय आसा बरणी?”

भिकाजी माडाकडे बघत राहिला.

संध्याकाळी साहेब आले, तोवर पिल्लांच्या काड्या झाल्या होत्या. सत्यवानाने रिकामी बरणी उचलून बघितली.

“हे काय?” साहेबांनी विचारलं.

“सुकवलंय,” भिकाजी म्हणाला. “मिठाक कमी करूक नाय.”

पिल्लं पुन्हा धरायची, तर साहेबांना मुक्काम करणं भाग होतं. भाच्याची नोकरी आपण बुडवली, या धास्तीने भिकाजी पहाटेच जाळं घेऊन खाडीत उतरला. पिल्लं सत्यवानाला दिली, किनाऱ्यावरून आणलेले बांगडे चुलीपाशी नेले. तिरफळं घातलेलं बांगड्यांचं तिखलं, सोलकढी, उकड्या तांदळाचा भात. नर्मदाच्या हाताची चव काही आली नाही, पण साहेबांनी तिसऱ्यांदा भात मागितला. नमुने तयार झाले, तरी आणखी एक खेप करून बघू म्हणाले. मग आणखी एक.

शेवटी निघताना ते सत्यवानाला म्हणाले, “तुला कायम करायलाच हवं. नाहीतर दरवर्षी मला इथे कोण आणणार?”

भिकाजीने हात जोडले. “येवा, साहेबानू. फक्त बरणी माझ्याकडे ठेवू नकात.”